घाटापुरता श्वास

गॅरेजच्या मधोमध, धुतलेल्या फडक्यावर दोन कार्बोरेटर शेजारी शेजारी ठेवले होते. एक मुठीत मावेल एवढा, दुसरा दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा. त्यांच्यासमोर मिस्त्री मांडी घालून असा बसला होता, की बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, माणूस ध्यानाला बसलाय.

"अरे, उचल की एक," पावसूत म्हणाला. "दोघांपैकी कुणीही उठून 'मी येतो' म्हणणार नाहीये."

पावसूत म्हणजे शेजारच्या गाळ्यातला टर्नर. सगळं आयुष्य लेथवर गेलेलं. काहीही विचारलं तरी लेथवरच्या मापातच, 'पाव सूत इकडं, पाव सूत तिकडं' म्हणायचा, अगदी बायकोचं वय विचारलं तरी. म्हणून बाजारात त्याचं हेच नाव पडलं होतं. मोठा कार्बोरेटर मिस्त्रीच्या इंजिनावर बसावा म्हणून त्यानं दोन दिवस खपून अॅल्युमिनियमची एक जाड पट्टी घडवली होती, कडा अशा गुळगुळीत की बोट फिरवलं तर बोटालाच लाज वाटावी. साहजिकच मोठाच बसावा अशी त्याची इच्छा होती. कष्ट केलेल्या माणसाचं मत नेहमी कष्टाच्या बाजूनं पडतं.

मिस्त्रीच्या डोक्यात कार्बोरेटर नव्हता, घाट होता.

त्याची बायको शाळेत गाणं शिकवायची. दोन वर्षांपूर्वी घाटापलीकडच्या शाळेतल्या गाण्याच्या बाई आजारी पडल्या आणि 'थोड्या दिवसांसाठी' म्हणून ही तिकडं गेली. थोडे दिवस म्हणजे रबर. ताणाल तेवढे ताणतात. पंधरवड्यातून एकदा, शनिवारी शेवटच्या बसनं ती घरी यायची. वळणांनी तिचं पोट ढवळून निघालेलं असायचं. येताच आडवी व्हायची, आणि डोळे उघडून माणसांत येते न येते तोच रविवारच्या बसची वेळ झालेली असायची. सासूच्या गळ्यात पडून, नवऱ्याच्या शर्टाची कॉलर सारखी करून ती पुन्हा निघायची. तिच्या पाठोपाठ घर पंधरा दिवस मुकं व्हायचं.

आता शाळेनं तिला विचारलं होतं: कायमच्या राहाल का? राहायला खोली देऊ, मुलांचा गायनाचा वर्ग तुमच्या हाती देऊ. येत्या सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

फोनवर ती म्हणाली होती, "तुम्ही म्हणाल तसं."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय."

पण त्याआधी ती वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगत होती. आधी तोंडातून शब्द फुटत नव्हता आणि आता सगळ्या वर्गाला सुरात ठेवते अशी ती मुलगी. ते सांगताना तिचा आवाज असा उजळला होता, की मिस्त्रीला लग्नाआधीची ती आठवली. त्या आवाजावर 'परत ये' म्हणून झाकण कसं घालायचं? आणि 'राहा' म्हणावं, तर आपल्या वाट्याला काय उरतं? पंधरवड्यातली एक झोपाळू संध्याकाळ. गॅरेज उचलून नेता येत नव्हतं. आईला तर दुसऱ्या घराचा नुसता वाससुद्धा सहन होत नसे.

यातून त्यानं एक वाट काढली होती. गिऱ्हाइकानं सोडून दिलेली एक जुनी दोनदारी गाडी गॅरेजच्या मागं पडून होती. तिचं इंजिन त्यानं वर्षभर, दुसऱ्यांच्या गाड्या आटोपल्यावर, नव्यानं बांधलं. सिलिंडर घासून घेतले, हेडमधल्या हवेच्या वाटा साफ करून रुंदावल्या, झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणारा तिखट कॅमशाफ्ट टाकला, सायलेन्सरची नळी मोकळी केली. मनातला बेत असा, की बुधवारी चार वाजता गॅरेज ओढून घ्यायचं, अंधार पडायच्या आत घाट उतरायचा, तिच्याबरोबर जेवायचं आणि सकाळी येऊन शटर उघडायचं. बस रडत रडत चढते तो घाट गाडीनं एका दमात घेतला, की घाट राहिलाच कुठं? मग सोमवारच्या आत तिला छातीवर हात ठेवून सांगता येईल: घे ती नोकरी, मी आहे येणारा.

"चहा झालाय," मागच्या दारातून आई म्हणाली. घर गॅरेजच्या पाठीलाच होतं. तिनं दोन्ही कार्बोरेटरांकडं एकदा बघितलं. "गाडीचं पोट भरायला चार माणसं झटतायत. माझ्या सुनेला 'ये' म्हणायला मात्र एकाचं तोंड उघडत नाही."

"तुमचं उघडतं ना, काकू," पावसूत म्हणाला, "तेवढं पुरे आहे गावाला."

"तू चहा पी आणि जा. दुसऱ्याच्या घरातली भांडणं फुकटात ऐकतोस."

मिस्त्रीनं खडू घेतला आणि फरशीवरच हिशेब मांडला. हिशेब तसा सोपा. इंजिन दोन लिटरचं. दोन फेऱ्यांत एकदाच पोटभर हवा ओढतं. म्हणजे क्षमतेला फेऱ्यांनी गुणायचं आणि निम्मं करायचं. छाती कधीच काठोकाठ भरत नाही, म्हणून त्यातून थोडं वजा. जेवढी हवा निघेल तेवढ्या मापाचा कार्बोरेटर. प्रश्न एवढाच, की फेरे किती धरायचे. मिनिटाला साडेसात हजार, त्यानं लिहिलं. कॅमशाफ्ट विकणाऱ्यानं सांगितलं होतं तिथपर्यंत जाईल म्हणून. उत्तर आलं ते मोठ्या कार्बोरेटरच्या बाजूनं.

आता गंमत बघा. हाच मिस्त्री, पोरंसोरं गाडी घेऊन आली आणि 'मोठा कार्बोरेटर बसवा' म्हणाली की त्यांना बाकावर बसवून समजवायचा. म्हणायचा, बाबांनो, कार्बोरेटरला एक गळा असतो. हवा त्या गळ्यातून जाताना पेट्रोल उचलून नेते. अरुंद बोळातला वारा कसा दारादारातली धूळ उचलत जातो? तोच वारा मैदानावर सोडा, पाचोळासुद्धा हलत नाही. गळा रुंद केला की हवा रेंगाळते, पेट्रोल जागचं उठत नाही, आणि तुमची गाडी पळायची सोडून ढेकरा देते. त्या बाकावरून उठून कितीतरी पोरं छोट्या कार्बोरेटरवर खूश होऊन गेली होती. पण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढणाऱ्याच्या हाताला स्वतःचा डोळा सापडत नाही. भेटीची आस लागलेल्या माणसाला शहाणपण असतं; फक्त ते त्या वेळी घरी नसतं.

त्यानं मोठा उचलला. पावसूतनं टाळी वाजवली.

मंगळवारी सकाळी गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर गाडी नेली. व्हॅक्यूमचं घड्याळ काचेशेजारी तारेनं बांधलं होतं. इंजिनाला हवा कमी पडत असेल तर त्याचा काटा वर उचलतो. पूर्ण अॅक्सिलरेटर दाबला; काटा शून्यावर पडून राहिला. म्हणजे छातीला कुठंही अडसर नाही! इंजिन असं गर्जलं, की शेजारी बसलेल्या पावसूतनं दोन्ही हातांनी दाराची कडी धरली आणि देवाचं नाव घेतलं.

एक खोट तेवढी होती. हळू असताना एकदम पाय दाबला की गाडी क्षणभर दचकायची, जिन्याची पायरी चुकल्यासारखी. मिस्त्रीनं त्यावर उपाय केला. पाय दाबताच पेट्रोलची पिचकारी मारणारा एक छोटा पंप कार्बोरेटरमध्येच असतो. त्याचं भोक वाढवलं. पिचकारी जाड झाली, दचका नाहीसा झाला. कारागिराला एक सवय असते, खोट दिसेनाशी झाली की ती गेली असं तो समजतो.

संध्याकाळी त्यानं फोन केला. "उद्या येतो. जेवायला."

पलीकडं वाजत असलेली पेटी थांबली.

"उद्या? बुधवारी?" ती म्हणाली. "कशानं येताय?"

"गाडीनं. झाली गाडी."

"थांबते मग मी," ती म्हणाली, आणि हसली. ते हसू मिस्त्रीनं त्या रात्री उशाशी घेतलं असावं, कारण सकाळी आईनं विचारलं, "झोपेत कुणाशी बोलत होतास रे?"

बुधवारी चार वाजता तो निघाला. आईनं डबा दिला, वर बजावलं, "तिला सांग, मी रागावले आहे. आणि हे तिला आवडतं म्हणून केलंय असं सांगू नकोस." पायथ्यापर्यंत रस्ता सरळ. गाडी वाऱ्यावर स्वार. मिस्त्री गुणगुणत होता. सुरात नव्हता, पण गाडीत ऐकणारं कोण होतं?

मग पहिलं वळण आलं. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आत घातली, वळणाच्या पोटात वेग मेला, बाहेर पडताना पाय दाबला. पिचकारी बसली, गाडीनं उचल घेतली. दुसरं वळण. पुन्हा पाय सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा पिचकारी. सरळ रस्त्यावर त्यानं पाय एकदा दाबला होता. घाटात तो पावलापावलाला दाबावा लागत होता, आणि दर खेपेला न जळलेलं पेट्रोल इंजिनाच्या घशात साचत होतं. सातव्या-आठव्या वळणावर गाडी खोकली. आरशात काळा धूर दिसला. पुढच्या चढावर इंजिन फटफट करायला लागलं. एक सिलिंडर बसला, मग दुसरा.

त्यानं कडेला गाडी घेतली, गरम प्लग काढले. काजळी धरलेल्या कंदिलासारखे काळे आणि ओले. बोटं भाजत पुसले, बसवले, निघाला. तीन वळणं गेला, पुन्हा तेच. पुन्हा पुसले. उतरणारा एक ट्रक शेजारी थांबला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"काय राव, वरपर्यंत ऐकू येत होतं. म्हटलं विमान चढतंय. बघतो तर चाल गोगलगाईची!"

मिस्त्रीनं कपाळाचा घाम पुसला. कपाळ काळं झालं.

"पलीकडं जायचंय?"

"हो."

"कुणी वाट बघतंय?"

मिस्त्रीनं सीटवरच्या डब्याकडं बघितलं. ड्रायव्हरनं त्याच्याकडं नीट बघितलं आणि चेष्टा गिळून टाकली. "मग वर नका जाऊ. वर चढ आणखी खडा आहे. उतारानं गाडी खाली तरी जाईल. चला, मी मागं राहतो."

उतारावर इंजिन बंद करून, नुसत्या ब्रेकवर, मिस्त्री खाली आला. एवढी शांत गाडी त्यानं कधी चालवली नव्हती. टायरांचा आवाज, वाऱ्याचा आवाज, आणि शेजारच्या सीटवर डब्याचं झाकण वाजत होतं तेवढंच.

पायथ्याच्या चहाच्या दुकानातून त्यानं फोन लावला. तिनं पहिल्याच घंटेला उचलला.

"कुठवर आलात?"

त्यानं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग विचारलं, "लागलं तर नाही ना कुठं?"

"नाही गं. गाडीच फक्त—"

"मी साडेपाचपासून फाटकात उभी आहे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मुलं घरी जाताना विचारत होती, बाई कुणाची वाट बघताय. मी सांगितलं सगळ्यांना. सांगायला नको होतं." मग ती म्हणाली, "अहो, तुम्ही नाही आलात तर मी राहते. दोन वर्षं राहिलेच ना? पण येतो म्हणालात की यायला हवं. नाहीतर मी रोज त्या घाटाकडंच बघत बसेन, आणि मग मुलांना काय शिकवू? मी उद्या नाही म्हणून सांगून टाकते शाळेत. येते परत."

बघा, हवं होतं तेच तर मिळत होतं. बायको परत येते म्हणत होती. पण त्या उजळलेल्या आवाजातला दिवा तिनं स्वतःच्या हातानं मालवला होता आणि वात अजून धुमसत होती.

"सोमवारपर्यंत वेळ आहे ना?" तो म्हणाला. "सोमवारपर्यंत काही बोलू नकोस कुणाशी. एवढं ऐक."

"ऐकते," ती म्हणाली. "पण तुम्ही आता काही कबूल करू नका."

गुरुवारी तो गॅरेजमध्ये आला खरा, पण हात चालत नव्हते. गाडीचं बॉनेट उघडं आणि मालक स्टुलावर. पावसूत आला, बघितलं, सगळं कळलं. तोही बाकावर टेकला. मग एकाएकी उठला, मिस्त्रीचा तेलकट कोट खुंटीवरून काढून अंगात घातला, बाकावरची धूळ फडक्यानं झटकली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला, अगदी मिस्त्रीसारखा, खांदा एकीकडं झुकवून.

"या साहेब, बसा."

"पावसूत, आज नको."

"बसा म्हणतो ना! आमच्याकडं गिऱ्हाइकाला उभं ठेवत नाहीत." त्यानं दंडाला धरून मिस्त्रीला बाकावर बसवलं. "हं. मोठा कार्बोरेटर पाहिजे म्हणता. देऊ की. पण आधी एक सांगा. गाडी चालवणार कुठं?"

मिस्त्रीनं वर बघितलं. हा त्याचाच प्रश्न होता. या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला त्यानं पहिल्यांदा हाच विचारला होता.

"घाटात," तो म्हणाला.

"वा. घाटात सरळ रस्ता किती?"

"नाहीच."

"मग इंजिन फिरतं कितीवर?"

मिस्त्रीनं डोळे मिटले. कालची वळणं एकेक करून समोर आली, आणि प्रत्येक वळणावर फेऱ्यांचा काटा कुठं होता तेही दिसलं. "दोन हजार. अडीच. बाहेर पडताना फार तर चार."

"आणि फरशीवर काय लिहिलंयत हे? साडेसात? हे साडेसात हजार कुठल्या रस्त्यावर मिळतात, साहेब? मला पण पत्ता द्या, मी पण जातो." पावसूत रंगात आला होता. "तुमची गाडी राहणार अडीच हजारात, आणि गळा घेताय साडेसाताचा. कुणासाठी घेताय एवढा मोठा?"

"तिच्यासाठी," मिस्त्री म्हणाला.

पावसूतचा हात कमरेवरून खाली आला. त्यानं हळूच कोट काढला, खुंटीला लावला आणि बाकावर शेजारी येऊन बसला. रस्त्यावरून कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं.

"मला वाटलं," मिस्त्री म्हणाला, "जेवढं जोरात जाता येईल तेवढं... जेवढं मनात आहे तेवढं तरी इंजिनात असावं."

"मनाएवढा कार्बोरेटर अजून कुणी बनवला नाही रे," पावसूत म्हणाला. मग उठला. "आण तो छोटा. त्याचे बोल्ट जवळजवळ आहेत, माझी पट्टी चालणार नाही. नवी करावी लागेल. दोन दिवस खपलो होतो तिच्यावर, गाढवा."

"राहू दे ती. दुसऱ्या कुणाला होईल."

"कुणालाही होणार नाही. तुझ्यासारखा वेडा गावात दुसरा नाही."

शुक्रवारी संध्याकाळी नवी पट्टी आली. मिस्त्रीनं छोटा कार्बोरेटर तिच्यावर बसवला, गॅस्केट तपासलं, प्लग नवे घातले. याच्या पंपाचं भोक होतं तेवढंच ठेवलं. त्याला आता जाड पिचकारीची गरजच नव्हती. पाय टेकताच हवा त्या अरुंद गळ्यातून सुसाटत पेट्रोल घेऊन जात होती. सरळ रस्त्यावर नेऊन पूर्ण दाबला, तेव्हा वरच्या फेऱ्यांत व्हॅक्यूमच्या घड्याळाचा काटा थोडा उचलला. म्हणजे तिथं इंजिनाला आणखी हवा हवी होती आणि मिळत नव्हती. मंगळवारची ती गर्जना गेली होती. वेग शेवटाला थोडा कमी पडत होता. मिस्त्री त्या काट्याकडं बघत राहिला. वर्षभर ज्या आवाजाची स्वप्नं पाहिली तो आवाज त्यानं आपल्या हातानं काढून फडक्यात गुंडाळून ठेवला होता. जरा हळहळला. मग गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगावर आणली आणि हलकेच पाय टेकला. गाडी तक्रार न करता उठली, हाक मारल्यावर घरातलं माणूस उठतं तशी.

शनिवारी दुपारी तो निघाला. हा तिच्या घरी येण्याचा शनिवार नव्हता. या खेपेला कुणालाच सांगितलं नाही, आईलाही 'जरा फिरवून आणतो' एवढंच. त्यानं मनाशी ठरवलं होतं, की आधी माथा गाठू, मग बघू.

वळण आलं, गाडी आत गेली, बाहेर आली. पुढचं आलं. बुधवारी प्लग पुसले ती जागा गेली. रस्त्यावर त्याचंच काळं फडकं पडलेलं दिसलं. ट्रक भेटला ती जागा गेली. खड्या चढावर तो कान लावून बसला, खोकला येतो का, धाप लागते का. काही नाही. फेऱ्यांचा काटा अडीच-तीन हजारांत डुलत होता आणि इंजिन एका पट्टीत, न चढता न उतरता, आपलं काम करत होतं. माथ्यावर पोचला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण बराच वेळ श्वास धरून बसलो होतो.

पलीकडच्या उतारावर, खूप खाली, शाळेचं लांब छप्पर दिसत होतं.

फाटक उघडं होतं. शनिवार असूनही मागच्या खोलीतून गाणं ऐकू येत होतं. मिस्त्री दबक्या पावलानं खिडकीपाशी गेला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मुलं एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती, पुन्हा पुन्हा चुकत होती, आणि ती त्यांना थांबवत होती, हसत होती, परत सुरू करत होती. मग तिनं ती ओळ स्वतः म्हणून दाखवली. हळू, मुलांना उचलता येईल एवढ्याच उंचीवर.

दोन वर्षांत त्यानं तिला गाताना ऐकलं नव्हतं. घरी येताना ती दमलेली, जाताना घाईत. आता ती भिंतीपलीकडं, हात लांब केला तर खिडकीतून पोचेल एवढ्या अंतरावर होती, आणि घाटाअलीकडं असताना आली नाही एवढी तिची आठवण त्याला इथं आली. माणूस देवळाच्या दारात पोचतो आणि दारातच गळून जातो, तसं झालं. आत जाववेना. हाक मारली असती तर गाणं थांबलं असतं. तो थांबला. सगळा वर्ग सुटेपर्यंत थांबला.

मुलं बाहेर पडली. एका मुलीनं त्याला पाहिलं, त्याच्या काळ्या नखांकडं पाहिलं आणि आत ओरडली, "बाई, गाडी दुरुस्त करणारे आलेत!"

ती दारात आली. पदराला खडूचे हात पुसता पुसता तिथंच थबकली.

"आलात?"

"आलो."

"सांगितलं नाहीत."

"तूच म्हणालीस, कबूल करू नका म्हणून."

तिनं फाटकातल्या गाडीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "केव्हा आलात?"

"मगाशी. तुझं चालू होतं."

"ऐकत होतात?" ती एकदम लाजली, आणि मुलगी अजून बघतेय हे लक्षात येऊन तिला म्हणाली, "तू घरी जा गं!"

खोलीत एक खाट, एक पेटी, खिडकीत दोन कुंड्या. त्यानं आईचा निरोप सांगितला, रागावल्याचा. बुधवारच्या डब्यात काय होतं आणि का, तेही सांगून टाकलं. ती रडली आणि हसली. मग म्हणाली, "किती वेळ लागला?"

"बसपेक्षा बराच कमी," तो म्हणाला. "पण मी ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त. मी मोठा कार्बोरेटर लावला होता. विमानासारखा आवाज होता त्याचा. तो काढला."

"का?"

त्याला बोळातला वारा सांगायचा होता, गळा सांगायचा होता. पण म्हणाला एवढंच, "घाट चढत नव्हता तो."

रविवारी दुपारी तो परत निघाला, तेव्हा ती म्हणाली, "मी माथ्यापर्यंत येते. तिथून खाली यायला बस आहे." तिला घाट लागतो हे त्याच्या ओठावर आलं होतं, पण ती आधीच आत बसली होती.

त्यानं गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवली आणि हळू चालवली. इतकी हळू, की मागून सायकलवालासुद्धा पुढं गेला असता. एवढा खटाटोप करून बांधलेलं इंजिन, आणि त्याच्या मनात एकच, की रस्ता संपू नये. इंजिनानं कुरकुर केली नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग तिनं मान वळवली आणि त्याच्या हातांकडं बघत राहिली.

"मळमळत नाहीये मला," काही वेळानं ती म्हणाली, स्वतःलाच आश्चर्य वाटल्यासारखं.

माथ्यावर दगडी कठडा, बसथांबा आणि वारा. बस यायला वेळ होता. दोघं कठड्याला टेकून उभी राहिली. एका बाजूला तिची शाळा, दुसऱ्या बाजूला त्याचं गॅरेज. दोन्ही धुरकट, दोन्ही तेवढीच लहान.

"उद्या हो म्हणून सांगते," ती म्हणाली.

"सांग."

"तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटेल," तो म्हणाला. "आत्ताच वाटतंय. तरी सांग."

तिनं त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली. बस आली, तिला थांबवायला हात करावा लागला, आणि तो हात मिस्त्रीनंच केला. ती चढली, मागच्या काचेशी जाऊन बसली. बस वळणामागं गेली, खालच्या वळणावर पुन्हा दिसली, पुन्हा गेली. जेवढी वळणं होती तेवढ्या वेळा मिस्त्रीनं तिला जाताना पाहिलं. मग खालच्या रस्त्यावर नुसतं ऊन उरलं.

त्यानं गाडीचं दार उघडलं. शेजारच्या सीटवर तिच्या केसांतली एक पिन पडली होती. ती त्यानं उचलली नाही. गाडी सुरू केली, आणि आईला काय सांगायचं ते जुळवत उताराला लागला.